तळखांबचा ढोल

हल्ली भूकंपाला तासभर उरला की मनगटावरची पट्टी वाजते आणि बायका अर्धाकच्चा भात उचलून अंगणातल्या चुलीवर आणतात. सोमवारी सगळ्या खोऱ्यानं तसंच केलं. तळखांबात मात्र एकही पट्टी वाजली नाही. माणसं घरात बसल्याजागी गाडली गेली.

देशभरातल्या भूकंपयंत्रांची माहिती जिथं गोळा होते, त्या केंद्रातल्या अनुजा रेगेला कारण ठाऊक होतं. तळखांबचं यंत्र बिरोबाच्या देवळापुढं पुरलेलं. जत्रेआधी तिथं ढोलाच्या तालावर गजी नाचाचा सराव सुरू झाला की त्या पावलांनी यंत्र रोज उगाच बोंब ठोकायचं. वैतागून तिनंच जत्रेपुरतं ते गाव इशाऱ्याच्या जोडणीतून काढलं होतं. जत्रा उलटली, आणि परत जोडायचं राहूनच गेलं.

ती चौकशीला गावात आली तेव्हा म्हातारे धुळाप्पा पुढं झाले. सोमवारी त्यांचा मुलगा गेला होता.

“बाई, आमच्या नाचानंच यंत्र बिघडलं न्हवं? खरं सांगा.”

‘नाही’ म्हणणं सोपं होतं. पण मग कशानं, असं त्यांनी लगेच विचारलं असतं. अनुजा खाली बघत राहिली.

धुळाप्पांना तेवढं पुरलं. मागं वळून ते म्हणाले, “आणा रं तो ढोल. फोडा आन् घाला चुलीत.”

अंगणात सगळ्या गावाचा भात एकत्रच शिजत होता. पिढ्यान्‌पिढ्या वाळलेलं ढोलाचं लाकूड भडकन पेटलं.

“पयलं पान पाव्हणीला वाढा,” धुळाप्पा म्हणाले.