कुलपातला आराखडा

कुंकवाच्या कारखान्याची मालकीण तुळसाबाई आपली वेबसाइट बघायला हट्टाने येऊन बसली होती. हल्ली कच्चा आराखडा बघणाऱ्याच्या मनासारखा आपोआप बदलायचा, म्हणून तो बनवणारी वैजयंता कुठल्याच गिऱ्हाइकाला तो उघडून देत नसे.

"कुंकू माझं, नाव माझं, आणि कुलूप मलाच होय गं?"

"मावशी, महिन्याची मेहनत आहे. तुम्ही बघितलंत की पुसली जाईल."

"माझे डोळे काय रबर आहेत?"

वैजयंताने एक प्रत उघडली. तुळसाबाई टक लावून बघत राहिली. बघता बघता लाल रंगाचा सोनेरी झाला, कुंकू कुटणाऱ्या बायकांचे फोटो गेले आणि वर झुलीचा हत्ती आला. पडद्यावर दुसऱ्या कुंकू कारखान्याच्या गेनूशेटची वेबसाइट हुबेहूब उभी राहिली. ज्याला तिने दहा वर्षं नावं ठेवली, त्या गेनूशेटची!

तुळसाबाईचं तोंड एवढंसं झालं. "आपली गेली का गं?"

"नाही. ती कुलपात आहे. ही तुमच्यासाठी काढलेली नक्कल."

"मला ओळखून होतीस तर! खमकी आहेस बाई." तुळसाबाईने कौतुकाने तिच्या पाठीत धपाटा घातला. "कुलूप राहू दे. उद्या मी भांडायला आले तरी उघडू नकोस. चहा तेवढा पाज."