राहिलेला पापा

इस्त्री तापल्याचा ‘टक्’ असा आवाज झाला आणि घरातली शांतता मोडली. चर्चच्या वेदीवरचं कापड आईनं पसरलं. दर शनिवारी हे काम तिचंच. एके काळी ती गुणगुणत इस्त्री करायची, मधल्या भरतकामाच्या क्रुसाचा पापा घ्यायची आणि मगच घडी घालायची. देवावरचं प्रेम कधी आटलं, तिलाही कळलं नव्हतं. आज तिनं भराभर इस्त्री फिरवली, घडी घातली. “अगं आई, पापा राहिला ना!” शेजारी बसलेली चिमी ओरडली. “राहिलाच की गं, वेंधळीच मी!” आईनं घडी उलगडली, डोळे मिटून क्रुसावर ओठ टेकले. आत काहीतरी हलेल म्हणून थांबली. ओठांना फक्त इस्त्रीची ऊब लागली. तीही निवत चालली होती. चिमीनं हळूच विचारलं, “आई, मी सांगितलं म्हणून पापा घेतलास, हे देवाला कळलं असेल का गं?”