धुरपताचं हसू

परदेशी पाहुण्यांना स्वस्तात दात बसवून द्यायचे आणि वर ताडोबाचा वाघ दाखवायचा, हा चंद्रपूरच्या एका दातांच्या डॉक्टरचा धंदा जोरात होता. पाहुण्यांना जंगलाकाठचं गाव दाखवायला आला, तेव्हा तो तिथल्या धुरपताचा हसरा फोटो काढून घेऊन गेला होता.

आज नवऱ्याचा सुजलेला जबडा दाखवायला ती त्याच्या दवाखान्यात आली, तर भिंतीवर तिचाच फोटो!

"खाली काय लिवलं हाये, बाई?" तिनं नर्सला विचारलं.

"हे दात आमच्या डॉक्टरांनी बसवले."

जन्मभर करंजाच्या काडीनं घासलेले दात तिनं करकरा खाल्ले. तेवढ्यात डॉक्टर बाहेर आला. "आज फॉरेनचे पेशंट आहेत. पुढच्या महिन्यात या," म्हणत त्यानं तिच्या तोंडापुढे बोट नाचवलं.



धुरपतानं त्या बोटाचा कडकडून चावा घेतला. "सांग आता तुह्या पाहुण्यायले, पक्के बसवले म्हणून!"