निळं टिंब

पहिला दगड मच्छिंद्रनं विहिरीत टाकला. खालून गहिनीनाथची शिवी वर आली, तेव्हा काठावरची माणसं चक्क हसली.

त्या उन्हाळ्यात सगळ्या वाडीत पाणी होतं ते या एकाच विहिरीला. विहीर गोजरबाईची, अरुंद, चार पुरुष खोल. तळाला हातभर पाणी साचायचं आणि त्यावर चारशे माणसं ओठ ओले करायची. पण त्या हातभर पाण्यानंच आपला घात केला, असं वाडीचं म्हणणं होतं. गेल्या आठवड्यात मच्छिंद्र कर्जतच्या कचेरीत तालुक्याचा नकाशा बघून आला होता. ज्या गावाची विहीर कोरडी त्याला तांबडं टिंब, आणि तांबडं टिंब असेल त्या गावाला टँकर. आपल्या वाडीवर निळं. आज कारकून फेरतपासणीला यायचा होता. दोन दिवस सगळ्यांनी विहीर उपसून पाहिली, पण झरा ऐकेना. घटकाभरात पाणी पुन्हा होतं तेवढं. मग बुजवायचं ठरलं. गाड्या भरभरून दगड आणले, काठावर रचले. फार शहाणी माणसं होती ती, हातावर हात धरून बसणारी नव्हती.

गोजरबाईचा मुलगा गहिनीनाथ सकाळीच दोर सोडून खाली उतरला आणि पाण्यात उभा राहिला.

“मी हितं हाय. टाका आता. कोन टाकतंय बघू.”

गोजरबाईला दोघी बायकांनी बाभळीखाली धरून ठेवलं होतं. एकीनं तिचा हात पिरगाळला होता, दुसरीनं केस मुठीत धरले होते. कालपर्यंत या दोघी तिच्या विहिरीवर तिच्याआधी घागर भरायच्या.

“मच्छिंद्र, तुजा चुलतभाऊ हाय रं त्यो!”

“म्हनूनच सांगतो काकू, त्याला वर बोलव,” मच्छिंद्र ओरडला. “परवा मुक्ताबाईचं लेकरू गेलं, दिसलं न्हाई का तुला? हातभर पान्यापायी आख्खी वाडी मारायची?”

दुसरा दगड गहिनीनाथच्या खांद्यावर बसला. त्यानं तोच उचलून वर भिरकावला. एवढ्या खोलातून कसला वर येतोय, असं वाटेपर्यंत तो मच्छिंद्रच्या कपाळावर बसला. रक्त डोळ्यात उतरलं. त्यानंतर टँकरची आठवण कुणाला राहिली नाही.

कुणीतरी कोयत्यानं दोर तोडला. कोणी, ते पुढं कुणीच सांगितलं नाही. आधी एका हातात मावतील असे दगड गेले, मग दोघांनी मिळून उचलायचे. खालून ‘आये’ अशी हाक आली. पुन्हा एकदा आली. गोजरबाईनं केस धरणारीच्या मनगटाचा लचका तोडला आणि धावली. पुंजाराम सरपंचानं तिच्या कमरेत लाथ घातली. ती काठाच्या दोन हात अलीकडे पडली. तिथून तिला दिसत काही नव्हतं, नुसते आवाज ऐकू येत होते. आधी दगड पाण्यात पडत होते. मग कशावर तरी मऊ. मग दगडावर दगड.

“थांबा रं,” कोणीतरी हळूच म्हणालं.

तेवढ्यात कर्जतच्या बाजूला धुरळा दिसला. “जीप आली!” आणि थांबायचं राहून गेलं. माणसं अशी झपाटून कामाला कधी लागली नव्हती. जीप बाभळीखाली थांबली तेव्हा विहीर काठापर्यंत भरली होती.

कारकून उतरला. घामानं भिजलेला साधा माणूस, काखेत नकाशाची गुंडाळी. मच्छिंद्रनं फेटा कपाळावर ओढून घेतला.

“विहीर कुठाय?”

“हुती, भाऊसाहेब. बुजली.” पुंजारामनं हात जोडले. “आता वाडीत थेंब न्हाई पान्याचा. तेवढं तांबडं टिंब द्या.”

कारकुनानं दगडांकडे पाहिलं. “बुजवलीत? मग टँकर कशात ओतायचा?”

कुणाला काही कळेना.

“अहो, टँकर येतो तो विहिरीत रिकामा होतो. मग तुम्ही शेंदून घेता. कोरडी का असेना, विहीर पाहिजे. विहीरच नाही तर टिंब लावू कशावर?”

मच्छिंद्रनं नकाशावरची टिंबं पाहिली होती. टँकर रिकामा होताना वाडीतल्या एकानंही पाहिला नव्हता.

त्या पडलेल्या तोंडांची कारकुनाला कीव आली. “असं करा, आजच्या आज दगड काढा. एवढे हात आहेत, लागा कामाला. तळ मोकळा झाला की मी तांबडं लावून जातो.”

एकही हात हलला नाही. दमली असतील, असं कारकुनाला वाटलं. त्यानं बाभळीखाली टाकलेल्या खाटेवर बसून कागद मांडीवर घेतला.

“तोवर बाकीचं लिहून घेऊ. शिरगणतीचा आकडा आता जुना झाला. आज माणसं किती?”

“चारशे बारा हुती,” पुंजाराम म्हणाला. “परवा मुक्ताबाईचं लेकरू गेलं. चारशे अकरा.”

“चारशे धा,” गोजरबाई म्हणाली.

कारकुनाचं पेन थांबलं. “अकरा की दहा?”

गोजरबाई कमरेला हात लावून उठली, विहिरीपाशी गेली आणि वरचा एक दगड उचलून तिनं बाजूला ठेवला.

“बसा, भाऊसाहेब,” ती म्हणाली. “दगड निघाल्याव आकडा लिवा.”