गवताचा कावळा

मुंबईला चित्रकला शिकून मिरजगावला परतलेल्या कानिफनाथनं मातीचा फ्रिज केला, मातीचा पंखा केला. वस्तूंची हाव किती पोकळ असते, हे त्याला लोकांना दाखवायचं होतं. वडील कारभारी जन्मभर रेडिओ-रेडिओ करत होते; त्यांनाही त्यानं मातीचाच करून दिला. बहात्तरच्या दुष्काळात म्हातारा त्याची बटणं पिळत-पिळत गेला.

दहाव्याला कोरड्या ओढ्यात पिंड मांडला, पण कावळा शिवेना, आणि तो शिवल्याशिवाय कुणाला जेवता येईना.

"रेडिओत जीव अडकलाय त्याचा. खरा आणतो म्हण की," चुलते पुंजाराम म्हणाले.

"तात्या, ते माझ्या तत्त्वात बसत न्हाई," म्हणत कानिफनाथनं पिंडाशेजारी मातीचाच ठेवला. एक कावळा खाली आला, रेडिओवर चोच मारून बघितली आणि निघून गेला.

ऊन डोक्यावर आलं. शेवटी गुरुजींनी रिवाजाप्रमाणं दर्भाचा कावळा वळून पिंडाला शिववला. आत्मा मोकळा झाला, असं सगळ्या उपाशी मंडळींनी ठरवून टाकलं.

"शेपूट झकास जमलंय, गुरुजी," कानिफनाथ म्हणाला. गावात आपल्या पंथाचा दुसरा कलावंत सापडल्यानं तो खूश होता.

 

घरी त्याच्या आईनं, मनकर्णाबाईनं, पंगतीला रेशनच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी वाढली आणि लेकाच्या ताटात मातीची ठेवली. "कडा जरा फाटल्यात," ती म्हणाली, "गोड मानून घे."