बिशपांची आज्ञा

"इथंच थांबव जरा," बिशप म्हणाले.

ड्रायव्हरनं गाडी कडेला घेतली. "चौथ्यांदा थांबतोय, साहेब. अशानं आपण थेट न्यायाच्या दिवशीच पोचू."

बिशप हसले नाहीत. निवृत्तीला अकरा वर्षं झाली तरी ड्रायव्हर जुनाच होता, आणि त्याची जीभही. त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. मागायची माफी त्यावर सात ओळींत लिहिली होती. उपदेशपीठावरून तासन्‌तास बोललेल्या माणसाला या सात ओळी पाठ होत नव्हत्या.

गोष्ट सव्वीस वर्षांपूर्वीची. बिशप म्हणून ते या पुढच्याच गावच्या चर्चच्या पाहणीला आले होते. सोबत ताई होती. मोठी बहीण. लग्न न करता तिनं भावाचं घर सांभाळलं, आणि कार्यालयही. इथला पाळक तेव्हा तरुण होता. तो उपदेश बोलत नव्हता, गात होता. हरवलेल्या मेंढराची गोष्ट, आणि उजव्या हाताच्या बोटांनी उपदेशपीठाच्या कडेवर ठेका. मेंढरू सापडलं तेव्हा मागच्या बाकांवरच्या बायका डोळे पुसत होत्या. ताई त्यांच्यातच बसली होती.

बिशपांना ते नाटकी वाटलं. अँग्लिकन चर्चमध्ये असलं काही त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. देवाचा शब्द साधा बोलून सांगावा, सुरांत बुडवू नये, यावर तर त्यांचा चार खंडांचा ग्रंथ चालला होता. घरी येताच त्यांनी ताईला पत्र सांगितलं: यापुढे उपदेश गाऊ नये, गायल्यास उपदेशाचा परवाना काढून घेतला जाईल.

"टाकलंस का टपालात?" दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं.

"टाकलं," ताई म्हणाली.

त्या वर्षांत ग्रंथापुढे त्यांना कशाचं भान नव्हतं. महिन्याच्या सुरुवातीलाच ते कार्यालयाच्या कोऱ्या कागदांवर खाली सह्या करून ठेवत, म्हणजे ताईला मजकूर टाइप करून परस्पर पाठवता यावा. घरातही शांतता लागे. ताईला स्वयंपाक करताना गायची सवय होती. पहिल्या खंडाच्या वेळी त्यांनी एकदा दार उघडून सांगितलं होतं, "ताई, जरा गप्प बसतेस का? विचार तुटतो." ती गप्प बसली. तो प्रश्न तेवढ्यावर मिटला.

पाळकाचं उत्तर आठवड्यानं आलं. ताईनंच वाचून दाखवलं. "आपलं पत्र मिळालं. शेवटच्या श्वासापर्यंत आपली आज्ञा पाळीन." वाचताना तिचा आवाज कापला. बिशपांना वाटलं, सर्दी झाली असेल.

ते वाक्य मात्र त्यांना सलत राहिलं. पुढे या गावची पाहणी ते दुसऱ्या कुणावर तरी सोपवत. इथले अहवालही ताईच वाचायची.

चौथ्या खंडासाठी त्यांनी जुनी हस्तलिखितं चाळली, तेव्हा कळलं की कितीतरी थोर गुरूंनी उपदेश गाऊनच केले होते. चूक आपलीच होती. तसं त्यांनी प्रामाणिकपणे तळटीपेत लिहिलं.

"माफी तळटीपेत मागतात होय रे?" टाइप करता करता ताई म्हणाली. "त्याच्याकडे एकदा जाऊन ये ना."

"जाईन. एवढं पुस्तक होऊ दे."

ते पुस्तक झालं, दुसरं झालं, सत्कार झाले. ताई दरवर्षी म्हणायची, जाऊन ये. आठ महिन्यांपूर्वी ती गेली. आता म्हणणारं कुणी उरलं नाही, तेव्हा ते निघाले होते.

चर्च रिकामं होतं. उपदेशपीठाला नवं पॉलिश केलेलं दिसत होतं. उजव्या कडेला तळहाताएवढ्या जागेवर मात्र ते उडालं होतं. बिशपांनी तिथं हात टेकला आणि लगेच काढून घेतला.

शेजारच्या घराचं दार पाळकबाईंनी उघडलं. "अगंबाई, बिशपसाहेब! अहो, बघा तरी कोण आलंय!"

पाळक बाहेर आला. केस पांढरे झाले होते. बिशप बसले नाहीत. उभ्यानंच त्यांनी कागद उघडला.

"तुम्हाला मी ते पत्र लिहायला नको होतं..."

पाळकानं त्यांचे दोन्ही हात धरले. "असं कसं म्हणता, साहेब? त्या पत्रावर तर मी उभा आहे."

"टोमणा मारा," बिशप हळूच म्हणाले. "तोच ऐकायला आलोय."

"टोमणा कसला? मंडळीतली मोठी माणसं तेव्हा माझ्यावर उठली होती. तुमचं पत्र वाचून दाखवलं आणि सगळ्यांची तोंडं बंद. परवाच्या रविवारीसुद्धा तासभर गायलो."

"तासभर म्हणे!" पाळकबाई म्हणाल्या. "घरी चुलीवरचं करपलं, तरी यांचं नोहाचं तारू काही काठाला लागेना."

बिशपांच्या हातातला कागद खाली पडला. तो कुणी उचलला नाही. पाळकबाईंनी भिंतीवरची काचेची चौकट काढली, पदरानं पुसली आणि त्यांच्या हातात दिली.

कागद त्यांच्याच कार्यालयाचा होता. खाली सही त्यांचीच होती, सहीआधीच्या छोट्या क्रुसासकट. वर टाइप केलेल्या मोजक्या ओळी होत्या.

"प्रिय बंधू, तुमचं गाणं थांबवू नका. ही माझी आज्ञा समजा. माझी बहीण फार गोड गायची. माझं काम मोठं म्हणून मी तिला गप्प केलं, आणि तिची माफी मागायची मात्र राहूनच गेली."