काठीला काठी

"बेताने मार गं," हॉलच्या दाराशी चपला काढताना काकू शाल्मलीच्या कानाशी लागल्या. "बायपास करून घरी आले त्याला सहा महिने झाले, पण पाण्याचा ग्लास उचलतानाही अजून माझ्याकडे बघतात."

काकूंचे यजमान, चिटणीस सर, हॉलच्या मधोमध उभे होते. हातात बो, म्हणजे ओकिनावाची ती पुरुषभर उंचीची काठी. साताऱ्यातल्या दोन पिढ्यांना त्यांनी ती चालवायला शिकवली होती. आज मात्र ती आधाराला घेतल्यासारखी दिसत होती.

दोघांनी वाकून नमस्कार केला. शाल्मलीने डोक्यावर वार करायचा, सरांनी तो अडवायचा. तिची काठी अलगद खाली आली. सरांनी ती अडवलीच नाही. त्यांच्या टकलाला ती हलकेच टेकली आणि तिथेच राहिली.

"काठी मारतेस की हळद लावतेस?" सर म्हणाले. "मला अडवण्यासारखं काहीतरी दे की."

दाराकडे बघायचं तिने टाळलं आणि सरांनीच शिकवला होता तसा, पूर्ण ताकदीचा वार केला.

काठीवर काठी खाडकन वाजली. तिच्या कोपरापर्यंत झिणझिण्या गेल्या. सर पाय रोवून जागच्या जागी उभे होते.

"खांदा अजून वर उचलतेस तू," ते खेकसले.

शाल्मलीला हसू आवरेना. दारात काकूंनी तोंडाला लावलेला पदर खाली घेतला.

"आले बाई एकदाचे घरी," त्या म्हणाल्या.